चांगुणाबाईची गाणारी लेक

तुर्भ्याच्या डोंगरात तेव्हा दगडाच्या खाणी होत्या. सुरुंग उडाला की आमच्या वस्तीतले पत्रे थरथरायचे आणि चुलीवरच्या तव्यात बारीक पांढरी भुकटी येऊन पडायची. वेणूताईला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या खाणीच्या तोंडाशी. पदर नाकातोंडावर घट्ट बांधून ती खडी फोडत बसली होती. नुसते डोळे दिसत होते. ही बाई गाते असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आम्ही कोकणातले, चिपळूणकडचे. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले म्हणून चौऱ्याहत्तर साली तुर्भ्याला आलो. शेजारपाजारची बहुतेक माणसं मराठवाड्याची, दुष्काळात गाव सोडून आलेली. आम्ही भात खाणारे, ते भाकरी खाणारे. आमची भाषा त्यांना गाण्यासारखी वाटायची आणि त्यांची आम्हाला भांडणासारखी. पण समाज एक, विहार एक, जयंती एक. त्यामुळे फार दिवस परकं राहता आलं नाही.

वस्तीत रावसाहेब नावाचे एक गृहस्थ होते. वडिलांच्याच कारखान्यात टाइमकीपर. स्वतः गाणी लिहायचे, पेटी वाजवायचे आणि ‘नवप्रकाश गायन पार्टी’ चालवायचे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नात, बारशाला पार्टीला बोलावणी यायची. मी शाळेत प्रार्थना म्हणत असे, एवढ्या भांडवलावर वडिलांनी मला तिथे कोरसला बसवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझ्या आवाजाबद्दल माझा फार मोठा गैरसमज होता.

पहिल्या तालमीला गेले तर मुख्य गायिकेच्या जागी खाणीवरची ती बाई. तिचा नवरा सदू तिच्या डाव्या हाताला बेंजो घेऊन बसलेला. आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली तारांची पेटी. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. सदूभाऊंच्या बोटांना खाणीवर घट्टे पडलेले, पण बटणांवर ती बोटं अशी पळायची की बघत राहावं.

वेणूताई गायला लागली आणि मला वाटलं कुणी रेडिओ लावला. पातळ, गोड, अगदी सिनेमातल्यासारखा आवाज. रावसाहेबांचं तरी समाधान होत नव्हतं.

“वेणूबाई, अजून पातळ. रेडिओवरची बाई कशी गाते? हं, तस्सं. आवाजात गावठीपणा येऊ द्यायचा नाही. लोक म्हणतील खेड्यातून उठून आले.”

“व्हय दादा,” वेणूताई म्हणाली आणि आवाज आणखी बारीक केला.

रावसाहेबांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या पार्ट्यांशी सामना असायचा, आणि लोकांना चाली सिनेमाच्याच लागायच्या. वेणूताईनंही तो आवाज मेहनतीनं कमावला होता. ज्या घरात रेडिओ असेल त्या घराच्या भिंतीला टेकून उभी राहून ती शिकली होती.

तिचा दुसरा आवाज मी योगायोगानं ऐकला. एका दुपारी सदूभाऊंना तालमीचा निरोप द्यायला खाणीवर गेले होते. जेवणाची सुट्टी, क्रशर बंद. सगळीकडे एकदम शांत झालेलं. खणून उभ्या केलेल्या दगडाच्या भिंतीकडे तोंड करून वेणूताई एकटी बसली होती आणि गात होती.

पल्याड डोंगरावं, कोन गं साद देती
भैनीची हाक बाई, वाऱ्यासंगं येती

तो आवाज सरळ होता, थोडा नाकातून येणारा. त्यात नखरा नव्हता, मुरकी नव्हती. ओळीच्या मध्यावर तो तुटल्यासारखा व्हायचा आणि तुटून वर जाऊन उभा राहायचा. समोरच्या दगडावरून परत यायचा तेव्हा दोन बायका गातायत असं वाटत होतं. मी तशीच उभी राहिले. तिनं वळून पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला, चोरी पकडल्यासारखा.

“काशे, कुनाला सांगू नगंस.”

“का पण? ताई, तू हे का नाही गात पार्टीत?”

“हे गावठी हाय.”

“मग शिकलीस कुठे?”

“शिकायचं काय त्यात? मायकडनं आलंय.”

मग हळूहळू, खडी फोडता फोडता, तिनं मला सगळं सांगितलं. एका दिवसात नाही. पुढची कितीतरी वर्षं ती तुकड्यातुकड्यानं सांगत राहिली.

तिचं माहेर बालाघाटच्या डोंगरात. डोंगराच्या उतारावर वीस-पंचवीस घरांची वस्ती, खाली दरी, दरीच्या पलीकडे दुसरा उतार आणि तिथे दुसरी वस्ती. या उतारावर बायका खुरपायला बसल्या की एखादी ओवी टाकायची आणि पलीकडच्या उतारावरून तिला उत्तर यायचं. समोरच्या बायकांची तोंडं दिसायची नाहीत, पण आवाजावरून कोण कुणाची लेक ते ओळखू यायचं. “आवाज असा फेकावा लागतो काशे, की दरी वलांडून गेला पायजे. गोड करत बसलीस तर मधीच पडतो.”

त्या दोन्ही उतारांवर वेणूताईच्या आईसारखी गाणारी कुणी नव्हती. चांगुणाबाई तिचं नाव. पहाटे जात्यावर बसली की शेजारच्या बायका आपापली जाती थांबवून ऐकायच्या.

पण त्या गळ्यावर गावाचा हक्क होता. खालच्या गावात पाटलाच्या घरी हळद असली, बारसं असलं की चांगुणाबाईला निरोप यायचा. निरोप कसला, हुकूमच. अंगणाच्या बाहेर, बैल बांधतात त्या जागी उभं राहून गायचं. आतल्या बायका हसत, बोलत, जेवत असायच्या. गाणं संपलं की उरलंसुरलं अन्न लांबून पदरात पडायचं. वेणूताई तेव्हा चालायला लागली होती. आईच्या लुगड्याचा सोगा धरून तीही तिथे उभी असायची.

मग छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि ती लाट त्यांच्या डोंगरापर्यंतही चढली. वस्तीनं गावकीची कामं सोडली. पुढच्याच उन्हाळ्यात पाटलाच्या घरी लग्न निघालं आणि रिवाजाप्रमाणे माणूस बोलवायला आला. चांगुणाबाईनं दारातूनच सांगितलं, “काम असंल तर सांगा, खुरपायला येते. गायला येनार न्हाई.”

गावानं त्यांना शेतावरचं काम देणं बंद केलं. वर्षभर चांगुणाबाई दुसऱ्या खोऱ्यात कामाला जात होती. पण गायला गेली नाही ती गेलीच नाही. आणि तिनं आपल्या पोरींना जवळ बसवून सांगितलं, “हात कुनाच्याबी कामाला लावा. पर गळा आपला हाय. त्यो लोकाच्या दारात न्यायचा न्हाई.”

हे सांगून झाल्यावर वेणूताईचा हातोडा थांबला.

“आन् मी काय करायली? शे-दोनशे गड्यांपुढं माइकवर गायली. मायला कळलं तर ती तोंड बघनार न्हाई माजं.”

“आईला माहीत नाही?”

“तिला सांगितलंय, जावई बेंजो वाजवतो. मी घरी असते.”

दरवर्षी ती माहेरी जायची आणि दरवर्षी हे खोटं जपून परत यायची. जाण्याआधी आठवडाभर तिला नीट जेवण जायचं नाही. गावाकडचा कुणी माणूस वस्तीत आला की ती आधी विचारायची, “माज्या मायला काय बोललास का?” मला वाटायचं, एवढं काय त्यात? पण मी कधी कुणाच्या अंगणाबाहेर उभी राहिले नव्हते.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, तेही वस्तीतच, त्यामुळे कोरस सुटला नाही. वाशीला नवं शहर उभं राहत होतं. कांदा-बटाट्याचं घाऊक मार्केट तिथे आलं आणि वेणूताई खाणीवरचं काम सोडून तिथे कांदे निवडायला जाऊ लागली. धुळीतून सुटली म्हणून तिचा गळा सुधारला. मार्केटातल्या हमालांना आपल्या गाळ्यावर कांदे निवडणारी बाई पार्टीत गाते याचा कोण अभिमान!

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये गावाहून निरोप आला. चांगुणाबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढलाय, मुंबईला आणतोय. सदूभाऊंनी एका धर्मादाय दवाखान्यात ओळख काढली. म्हातारी आली. एवढीशी, काटक, हातात काठी, आणि कान असे तिखट की दोन झोपड्या पलीकडचं कुजबुजणं तिला ऐकू जायचं.

वेणूताई धावत माझ्याकडे आली.

“काशे, माय जयंतीपस्तोर हितंच हाय. डोळ्याचं काम झाल्यावर महिनाभर डाक्टर हलू देनार न्हाईत.”

“मग?”

“मग मी गानार न्हाई या वर्षी. तू गा.”

“मी? ताई, मी कोरसमधली बाई. मला मागून ‘जी’ म्हणता येतं.”

“आठ वर्सं माज्या शेजारी बसलीस. समदी गानी पाठ हायत तुला.”

गाणी पाठ होती, हे खरं. आजारपणाची सगळी लक्षणं पाठ असली म्हणून माणूस डॉक्टर होत नाही. पण तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हणवेना.

रावसाहेब तर डोक्याला हात लावून बसले. त्या वर्षी वाशीच्या मार्केटातल्या हमालांनी पहिल्यांदाच मोठी जयंती ठरवली होती. घाटकोपरची एक नावाजलेली पार्टी समोर होती. फलकावर वेणूबाईचं नाव रंगवूनही झालं होतं.

“अहो वेणूबाई, एकदा आईला सांगून तर बघा. त्या काळातली गोष्ट वेगळी होती.”

“दादा, तुमी नगा बोलू. तुमची माय तिथं उभी न्हवती.”

रावसाहेबांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, “बरं. काशी गाईल.” आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच दया आली.

मग सगळ्या वस्तीला ताकीद. वेणू गाते हे म्हातारीपुढे कुणी काढायचं नाही. शेजारची भिमाबाई पहिल्याच दिवशी घसरली. म्हातारीला चहा देता देता म्हणाली, “आजी, तुमच्या येनूच्या गळ्यात तर नुसता...” आणि आमच्या सगळ्यांच्या नजरा बघून तिनं वाक्य फिरवलं, “...नुसता कफ हो! लई खोकते बाई.” तेव्हापासून म्हातारी रोज लेकीला गरम पाणी प्यायला लावायची.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवं फडकं बांधून चांगुणाबाई घरी आली आणि खाटेवर बसून नुसती ऐकत राहिली. सुरुंग उडाला की विचारायची, “डोंगर कशापायी फोडत्यात?” घरं बांधायला, म्हटलं की खाटेवरची भुकटी हातानं झटकायची. संध्याकाळी तालमीचा बेंजो लांबून ऐकू आला की म्हणायची, “जावई चांगलं वाजिवतो. पर ती बाई कोन गाती? भीत भीत गाती.”

ती बाई मी होते.

जयंतीच्या संध्याकाळी म्हातारी नवं लुगडं नेसून तयार. वेणूताई म्हणाली, “माय, डाक्टरनं धूळ चालत न्हाई म्हनलंय.”

“फडकं हाय की डोळ्यावर. बाबासाहेबाची जयंती आन् मी घरात बसू?”

तिच्यापुढे कुणाचं चाललं नाही. टेम्पोत सगळ्यांबरोबर तीही चढली.

मार्केटाच्या मोकळ्या जागेत कांद्याची पोती रचून त्यावर फळ्या टाकल्या होत्या, तेच स्टेज. निळे झेंडे, बल्बच्या माळा, आणि समोर माणसंच माणसं. हमाल, ड्रायव्हर, खाणीवरची माणसं, कांदे निवडणाऱ्या बायका. बायका स्टेजच्या अगदी पुढ्यात गोणपाटांवर बसलेल्या. त्यांच्यात वेणूताई आणि तिच्या शेजारी चांगुणाबाई. दोघी माझ्यापासून चार हातांवर.

घाटकोपरच्या पार्टीनं सुरुवातीलाच मैदान मारलं. मग आमची पाळी. पहिलं गाणं मी कसंबसं पार पाडलं. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात वरचा सूर आला. तो मी रोज वेणूताईच्या मागून, तिच्या आवाजाच्या आडोशाला राहून लावत असे. आज आडोसा नव्हता. आवाज वर गेला आणि फाटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. माइकनं शिट्टी मारली. मागून कुणीतरी ओरडलं, “ताई, पाणी प्या!” लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. सदूभाऊंनी बेंजो थांबवला.

आणि मग व्हायचं तेच झालं. हमालांच्या बाजूनं आवाज उठला, “वेणूबाईला बसवा! आमची वेणूबाई कुठाय?” बायकांनीही धरलं, “वेणूबाई! वेणूबाई!”

मी खाली पाहिलं. वेणूताईचा चेहरा राखेसारखा झाला होता. चांगुणाबाईनं मान हळूच लेकीकडे वळवली.

“कोन गं ही येनूबाई?”

पुढच्या दोन-तीन रांगांतल्या बायका त्या दोघींकडे वळल्या. वस्तीतल्या सगळ्यांना माहीत होतं काय चाललंय ते.

“माय,” वेणूताई म्हणाली. “मीच ती. मी गाते हितं. लई वर्सं झाली. तुला सांगितलं न्हाई.”

हिरव्या फडक्यामागे म्हातारी काय बघत होती कोण जाणे. मला वाटलं आता ती उठेल आणि काठी टेकत निघून जाईल. वेणूताईलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं आईचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“कुनी सांगितलं गायला?” म्हातारीनं विचारलं.

“कुनी न्हाई. मलाच गावं वाटलं.”

“पाटील कुठं बसलाय?”

“हितं पाटील न्हाई माय. हमाल हायत समदे. आपलीच मानसं.”

“आन् तू कुठं उभी ऱ्हातीस? भायेर?”

“न्हाई. वर बसते. तकडं, फळीवर. समदे खाली बसत्यात.”

म्हातारीनं काठी आपटली.

“मग हितं बसलीस कशाला?”

वेणूताईला ते कळायला क्षण लागला. मला मात्र लगेच कळलं, कारण त्या मैदानात सगळ्यात जास्त सुटका माझी होणार होती. मी अक्षरशः वाकून हात पुढे केला आणि तिला वर ओढलं. ती स्टेजवर आली तेव्हा हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मी माझ्या जुन्या जागी, कोरसच्या कोपऱ्यात जाऊन बसले. इतकं सुख मला माझ्या लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.

ती त्या दिवशी तासभर गायली. सामना कुणी जिंकला ते मला आठवत नाही, बहुतेक घाटकोपरवाल्यांनीच. पण लोक उठले नाहीत.

टेम्पोतून परत येताना वेणूताई आईच्या पायाशी बसली होती. शेवटी तिनंच विचारलं, “माय, रागावलीस?”

“आधी सांगायचं व्हतं.”

“भ्याले.”

“मला भ्यालीस व्हय?” म्हातारीनं काठी बाजूला ठेवली. “मी म्हनले व्हते, लोकाच्या दारात न्यायचा न्हाई गळा. कोंडून ठिव म्हनले न्हवते. कोंडायचाच असता तर मी तुला वव्या कशापायी शिकविल्या असत्या?”

वेणूताईनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. टेम्पो खड्ड्यांतून आदळत चालला होता आणि ती तशीच राहिली.

“पर एक इचारते,” म्हातारी म्हणाली. “तू वर गेल्यापून शेवटपस्तोर गायली कोन?”

“मीच की.”

“तुजा आवाज न्हाई तो. कुनाचा घेतलास?”

रावसाहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

त्यानंतरचा महिना त्या खोलीत नुसतं गाणं होतं. म्हातारी हलायची नाही, दुसरं काम नाही. सकाळी वेणूताई मार्केटात जायच्या आधी आणि आल्यावर, दोघी समोरासमोर. म्हातारीचा आवाज थकला होता, पण सूर जागचा हलत नव्हता. ती एक ओवी टाकायची, लेक उत्तर द्यायची. वेणूताई सवयीनं गोड करायला गेली की म्हातारी हात वर करायची. “दरी वलांडली का त्यानं?” मी भाजी निवडायचं निमित्त करून उंबऱ्यात बसायचे.

सदूभाऊंची मात्र पंचाईत झाली. ओवीला ठेका नसतो. ती वाऱ्यासारखी येते आणि थांबते. बटणं दाबून तिच्या मागे धावायला गेले की बेंजो खडखडायचा. दोन-चार दिवस त्यांनी धडपड केली, मग बटणांवरचा हात काढून घेतला आणि नुसती एक तार छेडत राहिले. तेवढा एकच सूर खाली, आणि वर बायकोचा आवाज. “आता कसं,” सासू म्हणाली. जावयाचं तोंड असं फुललं की काय सांगू.

रावसाहेबांनी बरेच दिवस मनावर घेतलं नाही. “मुंबईचे लोक ऐकणार नाहीत, वेणूबाई. त्यांना ठेका पाहिजे.” शेवटी तडजोड झाली. गाणं रावसाहेबांचं, चाल त्यांची, पण सुरुवातीला वेणूताईची एक ओवी. बुद्धपौर्णिमेला पनवेलला पहिल्यांदा असं केलं.

डोंगराच्या माथी, पान्याचा एक झरा
भीम माझा आला, उजेड झाला घरा

माइकवर तो सरळ आवाज गेला आणि समोरची कुजबुज थांबली. बायकांच्या बाजूला, अगदी मागे, कुणा अनोळखी बाईनं बसल्या जागेवरून दुसरी ओवी टाकली, वेणूताईच्याच सुरात. वेणूताई चमकली. तिनं तिसरी टाकली. पुन्हा मागून उत्तर. पेटीवर हात ठेवून रावसाहेब ऐकत राहिले. ठेका धरायला ढोलकीवाल्याला खूण करायचीच विसरले. नंतर कळलं की ती बाई बांधकामावर होती, बालाघाटातल्या केजकडची, आणि पुष्कळ वर्षांत तिनं गायला तोंड उघडलं नव्हतं.

मुंबईच्या लोकांबद्दल रावसाहेब म्हणत होते ते अगदीच खोटं नव्हतं. काही ठिकाणी शिट्ट्या आल्या. चेंबूरला एका मंडळानं सरळ सांगितलं की रडगाणं नको. मग तिथे वेणूताई ठेक्याचीच गाणी गायली, आणि तीही मजेत गायली. आता तिला दोन्ही आवाजांची लाज वाटत नव्हती. शहाऐंशी साली एका छोट्या कंपनीनं आमची कॅसेट काढली. रेकॉर्डिंगवाल्यानं ओवीवर इतका घुमारा चढवला की बाई विहिरीत उतरून गातेय असं वाटावं. सदूभाऊ चिडले. वेणूताई म्हणाली, “असू द्या. दरीत असंच घुमतं.” न्हावा-शेव्याच्या बंदराचं काम चालू होतं तेव्हा तिथल्या कामगारांच्या चाळीत जयंतीला आम्हाला तीन वर्षं ओळीनं बोलावणं होतं, आणि दर वर्षी फर्माईश ओव्यांचीच.

तिची आई स्टेजवर कधीच गायली नाही. लोकांनी खूप आग्रह केला. “मला त्यो डब्बा तोंडापुढं नगं,” एवढंच म्हणायची.

म्हातारी परत गेली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. ती गेली ब्याऐंशीच्याच मे महिन्यात. डोळ्यावरचं फडकं सुटलं होतं आणि जाड भिंगांचा चष्मा आला होता. त्या भिंगांतून ती सगळ्यांचे चेहरे अगदी जवळ येऊन बघायची. मला बघून म्हणाली, “हीच व्हय भीत भीत गानारी? चेहऱ्यानं तर धीट दिसती.”

सदूभाऊ, वेणूताई आणि मी तिला पोहोचवायला पनवेलच्या एसटी स्टँडवर गेलो. गावाकडचा एक माणूस सोबतीला मिळाला होता. गाडी लागली. खिडकीशी बसून म्हातारीनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, चष्म्यातून नीट पाहिला. रडारड काही झाली नाही. “वाळलीस,” एवढंच म्हणाली. “जेवत जा.” गाडी सुटली.

“चला, काहीतरी खाऊ,” वेणूताई म्हणाली. आम्ही स्टँडबाहेरच्या टपरीवर भजी-पाव घेतले. तिनं एक प्लेट संपवली, दुसरी मागितली, आणि मग सदूभाऊंच्या प्लेटमधलंही उचललं. सदूभाऊ बघतच राहिले. आईला भेटून आल्यावर तिला कधी भूक लागलेली आम्ही पाहिली नव्हती.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. नेरुळ येण्याआधीच तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहान पोरीसारखी. तुर्भ्याचा थांबा आला. सदूभाऊ उठले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“उठवू?” मी हळूच विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा बसले.

“राहू दे. वाशीला उतरू. परतीची गाडी मिळंल तिथनं.”

कंडक्टर आला तेव्हा त्यांनी पुढची तिकिटं काढली. बस तुर्भ्याच्या डोंगराला वळसा घालून वाशीकडे निघाली आणि वेणूताई झोपलेलीच होती.